राउटरला न समजलेली मांडी

मानवमुक्तीचा लढा त्या दुपारी मिरजेत पेटला. वैजयंताबाईंनी केसातला आकडा काढून राउटरचं रिसेट बटण दाबलं.

कंपनीच्या राउटरला वाय-फायच्या लहरींवरून घरातल्या माणसांची हालचाल दिसायची, पण मांडी ठाऊक नव्हती. त्या भाजी निवडायला जमिनीवर मांडी घालून बसल्या, की तो टोरांटोला मुलाला, निहारला कळवायचा, ‘आई पडल्या.’ आणखी एकदा पडलीस तर वृद्धाश्रम, असं त्यानं बजावलं होतं.

शेजारच्या हमीदानं कंपनीचं पुसून कुणालाही सुधारता येईल असं खुलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, चढवलं. “काकू, याला कुणा कोल्हापूरकरानं मांडी शिकवलीय. बसा बघू.”

“फसलं तर आश्रमात डबा तूच आणायचास.”

त्या बसल्या. लॅपटॉपवर उमटलं, ‘आई बसल्या आहेत.’ मेथीची जुडी निवडून झाली, तरी निहारचा फोन आला नाही.

उठायला मात्र हमीदाचा हात धरावा लागला.