सहावा स्पीकर

काका निवृत्त झाले तेव्हा काकूंनीच हट्ट धरला, की आता घरात थिएटरसारखा आवाज हवा. ओळखीचा दुकानदार पाच स्पीकर आणि ते चालवणारे दोन रिसीव्हर घेऊन भरदुपारी घरीच आला. "दोन्ही ऐकून बघा, आवडेल तो ठेवून घ्या," म्हणाला.

काका सोफ्यावर डोळे मिटून ऐटीत बसले. दुकानदाराने त्यांच्याजवळ छोटा माइक ठेवला. पाचही स्पीकर पाळीपाळीने टकटक वाजले आणि माइकपासून प्रत्येकाचं अंतर टीव्हीवर उमटलं. आकडे मात्र सहा आले. सहावा स्पीकर सोफ्याच्या मागे, चार मीटरवर.

"मागे तर भिंत आहे," काकूंना हसू आलं. "आणि भिंतीपलीकडे नुसती हवा. चौथा मजला आहे आपला!"

"यंत्रच गंडलंय. थांबा, दुसरा लावतो."

दुसऱ्यानेही सहाच मोजले. सहावा आता अडीच मीटरवर होता.

दुकानदाराने पुन्हा मोजलं. दीड मीटर. मग त्याने भराभर पाचही स्पीकरच्या वायरी उपटल्या आणि परत बटण दाबलं. खोलीत कसलाच आवाज झाला नाही. टीव्हीवर एकच आकडा आला. अर्धा मीटर.

"अहो, उठा तिथून," काकू म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. ते गालातल्या गालात हसले, जरासे सरकले आणि मागे मान कलवून, शेजारी जागा करत हळूच म्हणाले, "ये, बस."