सरांची पूड

पडद्यावरचा आलेख बघून सर हसले. आपल्या या विद्यार्थिनीचं काम बघून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि तेही कुचकट.

सरांची काळी पूड साऱ्या जगात नावाजलेली. तिच्या कणाकणात म्हणे इतकी छिद्रं, की चिमूटभर पुडीत ढीगभर वीज साठावी. पूड निकेलच्या जाळीवर थापायची, जाळी द्रावात बुडवायची, वीज भरायची आणि मोजायची. ती मात्र हट्टाने जाळीऐवजी कार्बनच्या कापडावर पूड थापायची, आणि वीज निम्मीसुद्धा भरायची नाही. जाळीवरच का भरते, असं तिने एकदा विचारलं. "नाचता येईना अंगण वाकडं," सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. आज तर त्यांनी बजावलंच होतं, जाळी घे, नाहीतर प्रबंध विसर. तिने निमूटपणे जाळी घेतली.

आता सरांनी प्रयोगशाळेतल्या बाकीच्या तिघांना हाक मारली. ते पडद्याभोवती जमले.

"बघा. हिला जमलं म्हणजे आता कुणालाही जमेल."

मग प्रबंध पाठवून दे, मी अडवणार नाही, असंही ते म्हणाले. मिठाची गुळणी धरून बसली असती तर पदवी हातात होती. चार वर्षांच्या शिव्या एका सहीत फिटल्या असत्या. पण या माणसाची शाबासकीसुद्धा तिला अंगावर थुंकल्यासारखी वाटली.

तिने द्रावाच्या स्टीलच्या डबीचं झाकण फिरवलं आणि चिमट्याने जाळी वर काढली. द्राव निथळला. जाळी चकचकीत होती, काळा कणही नव्हता तिच्यावर.

"पूड लावायचीच आहे अजून," ती म्हणाली. "ही नुसती जाळी आहे, सर. एवढी वीज जाळीतच साठते."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग जाळीकडे. पुन्हा पडद्याकडे. तिघांतल्या थोरल्याची पदवी याच पुडीवर झाली होती. बाकी दोघांची व्हायची होती. तिला वाटलं, निदान आता तरी एखादा म्हणेल की परत मोजून बघू.

"दार लावून घे," सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दार लावायला तिघंही निघाले.