उपाशी नवरदेव

"आजची माझी शेवटची मॅच. पुढच्या शनिवारी मी हार्बरफ्रंटच्या टीमकडून," यशोधन म्हणाला आणि बुटाची नाडी एवढ्या जोरात ओढली की ती तुटलीच.

मध्यंतर संपत आलं होतं. कॅप्टन शिरीषने बॅगेतून दुसरी नाडी काढून दिली.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. पपईसारखा लांबट बॉल, हाताने फेकायचा, हाताने झेलायचा. पाच जण इकडे, पाच तिकडे. कमरेला कापडी पट्ट्या, त्यातली एक कुणी ओढली की थांबायचं. इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसांतले आपले लोक दर शनिवारी सकाळी बेडोकच्या मैदानावर हे करतात, आणि झेलण्यात यशोधनचा हात धरणारा कुणी नाही. खोटं वाटेल, पण बेडोकमध्ये चौदाव्या मजल्यावरून कुणाचा वाळत घातलेला टॉवेल सुटला, तर तो जमिनीला लागायच्या आत हा दोन ब्लॉक पलीकडून धावत येऊन झेलतो. घडी घालून वर नेऊन देतो.

असा माणूस, आणि अख्ख्या सीझनमध्ये त्याच्याकडे बॉल आला चारदा, तोही सुरुवातीला. त्यातला एक वाऱ्याने आला.

शिरीष मैदानावर चाली मराठीत ओरडायचा. सगळ्या चालींना लग्नातली नावं. 'वरमाय' म्हणजे जवळचा छोटा पास. 'करवली' म्हणजे डावीकडून. आणि 'नवरदेव' म्हणजे यशोधनने शेवटच्या रेषेकडे सुसाट पळायचं. हे नाव मिळालं त्या दिवशी यशोधनने टीमला पेढे वाटले होते.

"नवरदेव म्हणता आणि उपाशी ठेवता," तो आता म्हणाला. "पळून पळून माझी जीभ बाहेर येते. बॉल मात्र जातो या उज्ज्वलकडे. याच्या हातात तर चहाचा कप टिकत नाही."

"कालच पडला," उज्ज्वल म्हणाला. "पण अर्धा पिऊन झाला होता."

मैदानाच्या कडेला झाडाखाली यशोधनची आई, सरलाबाई, थालीपीठांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. मंगळवारी तिचं विमान होतं. खेळातलं तिला काही कळत नसे, पण दर शनिवारी ती एकच प्रश्न विचारी, "किती आले रे आज?" आणि तो दर शनिवारी सांगे, "एकही नाही." मग तो थालीपीठाला हात लावत नसे. दोन वर्षं फोनवर त्याने स्वतःचं इतकं कौतुक सांगितलं होतं की बाई शेजारणींना सांगून आली होती. आता तिने एकही बॉल न बघता परत जायचं म्हणजे काय?

हार्बरफ्रंटच्या टीमचा भरलेला फॉर्म त्याच्या मोज्यात होता.

मॅच बरोबरीत आली. शेवटचं मिनिट. शिरीषने हात वर केला आणि ओरडला, "नवरदेव!"

आजतरी, यशोधनला वाटलं. तो असा सुटला की कडेचं गवत आडवं झालं. हात वर. डोळे आभाळात. मागे हार्बरफ्रंटच्या तीन पिवळ्या जर्सी धापा टाकत होत्या. रेषा ओलांडून त्याने मागे वळून पाहिलं. बॉल उज्ज्वलकडे गेला होता. उज्ज्वलने तो हातांनी नाही, पोटाने अडवला, मिठी मारली आणि बाजारात पिशवी घेऊन निघाल्यासारखा चालत चालत रेषेपलीकडे गेला.

मॅच जिंकली. सगळ्यांनी उज्ज्वलला उचललं.

यशोधन तडक हार्बरफ्रंटच्या कॅप्टनकडे गेला. हा सारंग, शिपिंगच्या ऑफिसातला, मूळचा साताऱ्याचा. गुडघ्यांवर हात टेकून दम खात होता. यशोधनने मोज्यातून फॉर्म काढला.

"एकच सांग. तुझ्याकडे आलो तर मॅचला किती बॉल देशील?"

"बॉल?" सारंगने मान वर केली. "बॉलचं कोण बोललं? मला माझी तीन माणसं परत पाहिजेत."

"कुठली माणसं?"

"अरे, नवरदेव मला कळतं की. तो ओरडला की मी तिघांना तुझ्या अंगावर सोडतो. मागच्या वर्षी एकावर भागवलं होतं, तू आमचं काय केलंस ते अजून ऑफिसात काढतात. आता सगळ्याच टीम तीन तीन लावतात. मागे उरतात दोघं. त्यांच्यामधून तुमचा तो पोटवाला रमतगमत जातो."

यशोधन परत आला. शिरीष बाटल्या गोळा करत होता.

"सारंगला मराठी येतं, हे तुला माहीत होतं?"

"त्याला कळावं म्हणून तर ओरडतो."

"मग मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर असा जीव तोडून पळाला असतास?"

यशोधनने विचार केला. नसता पळाला.

तो झाडाखाली जाऊन बसला. सरलाबाईंनी डबा उघडला. "कागद आहे का रे एखादा? तेल लागतंय हाताला."

त्याने हातातला फॉर्म पसरून दिला. तिने त्यावर थालीपीठ ठेवलं. त्याने ते उचलून चावा घेतला. ती बघत राहिली.

"किती आले रे आज?"

"तीन."

"बॉल?"

"माणसं. माझ्या मागे."

सरलाबाईंनी दुसरं थालीपीठ वाढलं.

"तीनच?"