मूळ प्रत

“आता फोन, टॅब अन् घरचा कंप्युटर, तिन्हीकडे एकच मेल दिसणार,” केशव म्हणाला. “एक टेस्ट मेल पाठवून बघा, काका.”

यशवंतराव तेवढ्याचीच वाट बघत होते. जवाहर चौकातल्या केशवच्या चिंचोळ्या मोबाइल-दुकानात त्यांनी नवा टॅब गुडघ्यावर घेतला आणि एकेक अक्षर शोधत मुलाला लिहिलं, ‘चि. मिलिंद, आजपासून तुझा माझा संबंध संपला. पुन्हा काही कळवू नकोस.’ पाठवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे तपासण्यात गेली होती. सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला?

दिवाळीत बापलेकांची फोनवर जुंपली होती. शाहपुऱ्याचं घर बंद करून बंगलोरला राहायला या, एवढंच मिलिंद म्हणाला होता. पण पत्नी मंदाकिनीबाई गेल्या त्या याच घरातून. यशवंतराव भडकले. “फोन करू नकोस. जे काय असेल ते लेखी कळव!”

मिलिंदने पुन्हा फोन केला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी यशवंतराव आंघोळ उरकून कंप्युटरपुढे बसत. मेल फोनवरही येई, पण तिथली मुंगीएवढी अक्षरं त्यांना वाचवत नसत. उगाच भरून तो बंद पडू नये म्हणून शनिवारी संध्याकाळी ते फोनमधलं सगळं झाडूनपुसून लख्ख करत. रविवारी कंप्युटरवर असलीच तर एखादी जाहिरात असे. समोरचा चहा निवून जाई.

मागच्या आठवड्यात नागपूरहून धाकट्या बहिणीचा, शालिनीचा फोन आला होता.

“दादा, मिलिंदच्या मुलीच्या बारशाला तू का नाही आलास रे? ऋतुजा नाव ठेवलं.”

नात झाली हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

“तब्येत बरी नव्हती,” ते म्हणाले. मग कितीतरी वेळ ते देवघरापुढे नुसते बसून राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं तरी कुणाला? परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

“मेल गेली बघा,” केशव म्हणाला. “फोनमध्येपण दिसतेय. एकदम बढिया.”

छातीवरचा दगड उतरेल असं यशवंतरावांना वाटलं होतं. उतरला नाही. केशवला चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि सवयीने त्या मेलवर बोट दाबून ठेवलं.

“काय करताय, काका?”

“फोनवरची नक्कल काढून टाकतो. मूळ प्रत घरी कंप्युटरवर राहीलच.”

“अरे, नाही नाही! नक्कल-बिक्कल काही नसते. मेल एकच आहे, तीन जागी दिसते फक्त. इथून डिलीट केली की सगळीकडून गेली.”

“सगळीकडून?”

“हो ना. घरच्या कंप्युटरमधूनपण.”

यशवंतरावांनी बोट उचललं.

“दिवाळीआधी तूच फोनवर मेल बसवून दिली होतीस. तेव्हापासून असंच आहे?”

“तेव्हापासूनच. का? काही कामाचं गेलं काय?” केशवने टॅब स्वतःकडे ओढला. “टेन्शन नका घेऊ. महिन्याच्या आतलं कचरापेटीत भेटतं. त्याच्या आधीचं मात्र गेलं समजा.”

त्याने पेटी उघडली, अक्षरं मोठी करून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जाहिरात. विजेचं बिल. जाहिरात. त्यांच्या मधेमधे मिलिंदचं नाव, तीन वेळा. तिन्ही मेल न उघडलेल्या. यशवंतरावांनी सगळ्यात खालची उघडली.

‘ती. बाबांना सा. न. तुम्हाला लेखी हवं असतं म्हणून दर आठवड्याला लिहितोय. आपल्याकडे मुलगी झाली. हनुवटी अगदी आईची आहे. नाव मंदाकिनीच ठेवावं म्हणतो, पण तुमचा होकार हवा. बारशापर्यंत उत्तर आलं नाही, तर तुमची इच्छा नाही असं समजेन.’