जोडव्यांचा फोटो

"वाकणवाडीची हवा उत्तम आहे," फोन म्हणाला.

वनिता गोंधळली. आत तिची चिमी सकाळपासून खोकत होती, आणि खाडीपलीकडच्या कारखान्याच्या वासाने तिचे स्वतःचेही डोळे चुरचुरत होते.

दर सोमवारी वाडीतल्या बायका आपल्या पायांतली चांदीची जोडवी फोनला दाखवायच्या. कारखान्याच्या वायूने चांदी काळवंडते. किती काळवंडली ते फोटोत पाहून फोन स्वतःच सरकारकडे तक्रार नोंदवायचा. पण पावसाळा संपल्यावर हे सुरू झालं, तेव्हापासून एकही तक्रार गेली नव्हती.

"मग पोर खोकते कशानं?" तिने विचारलं.

"तेच मला कळत नाही. खोकला ऐकू येतोय, पण वाडीतल्या एकाही जोडव्यावर डाग नाही. सगळी नव्यासारखी दिसतात."

"दिसणारच. घासतो ना आम्ही."

"कधी?"

"फोटोच्या आधी. दंतमंजन लावून." यात विचारण्यासारखं काय आहे, तेच वनिताला कळेना. "फोटो सरकारदरबारी जाणार. तिथं काळी जोडवी कशी दाखवायची?"

फोन म्हणाला, "पुढच्या सोमवारी न घासता फोटो काढाल का?"

वनिताने सासूबाईंकडे पाहिलं. मंजनाची डबी मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसल्या होत्या. आत चिमी पुन्हा खोकली.

सासूबाईंनी दोन्ही पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले.