दाखवता येईल असा नमुना

रश्मीने पुण्यात अनेक वर्षं हॉस्पिटलच्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली, पण करारामुळे त्यातलं एक पानही कुणाला दाखवता येत नव्हतं. नव्या कंपनीला संध्याकाळपर्यंत लेखनाचे नमुने हवे होते. तिने जुनी फाइल मेलला जोडली, घाबरून काढली, पुन्हा जोडली, पुन्हा काढली. आता ती गावी, देवबागला परतली होती. घरात बसवेना, म्हणून ती किनाऱ्यावर भाऊ दीपेशच्या बोटीपाशी गेली. "पर्यटकांका लाइफजॅकेट घालूक कितीदा शिकवू गो?" दीपेश वैतागला. "तुझो फळो माका दी," म्हणत तिने सूचना लिहिल्या. त्या वाचून एका बाईने मुलीला जॅकेट चढवलं. नीट बसलंय का बघायला रश्मीने जॅकेट खांद्यांपाशी धरून वर उचललं, तर मुलगी खालून निसटली. पायांमधल्या पट्ट्याचं वाक्य बाईला कळलंच नव्हतं. फळ्याचा फोटो काढून रश्मीने ते वाक्य बदललं. आता मुलगी जॅकेटसकट वर आली. संध्याकाळी तिने फळ्याचे दोन्ही फोटो पाठवले, चुकलेल्या वाक्याचा आधी.