चार बांबू

आई सध्या बॉम्बशेल्टरमध्ये होती. एका बाजूला बासमतीचं पोतं, दुसऱ्या बाजूला भरायच्या बॅगा, आणि मधोमध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आईच्या अस्थी. सिंगापुरात फ्लॅटमध्येच युद्धाच्या वेळी लपायला अशी एक जाड भिंतींची खोली बांधलेली असते. वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमधली ही एकच खोली अशी, की जिच्या भिंतीत खिळा ठोकायला घरमालकाच्या आधी सरकारच नाही म्हणतं. म्हणजे मेल्यावरही आईच्या वाट्याला तेच आलं होतं.

खिळा हा आईच्या, म्हणजे सुलेखाबाईंच्या, आयुष्याचा विषय होता. पुण्यात आधी दोन खोल्या भाड्याच्या, मग तीन खोल्या भाड्याच्या, मग मुलाकडे सिंगापुरात आल्या तर तोही फ्लॅट भाड्याचा. कॅलेंडर जन्मभर चिकटपट्टीवर. दमट हवेत पट्टी सुटायची आणि अख्खा ऑगस्ट जमिनीवर पडायचा. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "अश्विन, मला भाड्याच्या जागेत ठेवू नकोस रे."

आणि आता अश्विनची नोकरी गेली होती. नोकरीबरोबर इथे राहायचा पास गेला, पासबरोबर फ्लॅट. महिनाअखेरीस देश सोडायचा होता आणि आईचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

"अस्थी पाण्यात सोडतात, बाबा," अनुया सासऱ्यांना समजावत होती. "इथे बोट मिळते, गुरुजी मिळतात. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच नाही," बाबा म्हणाले. "सगळ्यांचा नळ, सगळ्यांचा जिना, सगळ्यांचा संडास. आता सगळ्यांचा समुद्र? तिची स्वतःची जागा आहे. तिथंच न्यायची."

जागा होती खरी, अश्विनने घेतलेली. फेरीबोटीने पलीकडे इंडोनेशियात उतरायचं, मग तिथल्या रुस्दी नावाच्या कोळ्याच्या होडीत बसायचं, की एका बेटावरचं कोळ्यांचं गाव लागायचं. 'आज गुंतवणूक, उद्या घर,' असं अश्विन सगळ्यांना सांगत असे. तिथे परदेशी माणसाला जागा पट्ट्याने मिळते, म्हणजे बऱ्याच वर्षांच्या भाड्यानेच, हे मात्र त्याने आईबाबांना कधी सांगितलं नव्हतं.

जागा बघितली पौर्णिमेला, कारण दिवस शुभ. भूमिपूजनही पौर्णिमेलाच. मुहूर्त पुण्याच्या गुरुजींनी काढला. त्यांच्या पंचांगात ग्रह दिसत होते, समुद्र दिसत नव्हता. मुहूर्ताच्या वेळी पाणी इतकं लांब गेलं होतं की बाबा म्हणाले, "बघ, कशी जागा करून देतोय आपल्याला!" हद्दीला लावायचे चार बांबू रुस्दीने आणले ते माणसापेक्षा उंच होते. अश्विनला ते उगीच लांब वाटले. त्यातला एक आईने शिडीवर चढून स्वतः ठोकला, आणि "गेला गं बाई आत!" म्हणून अशी ओरडली की दोन कोंबड्या उडाल्या.

अनुयाला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. ती गुहागरची, समुद्राकाठी वाढलेली. फोटो बघून एवढंच म्हणाली, "बाबा, इथल्या दगडांना कालवं चिकटलीत."

"आपण खात नाही," बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

मग आई आजारी पडली. तिकडे कोणी फिरकलंच नाही.

शेवटी असं ठरलं, की जागेत खड्डा करायचा, त्यात अस्थी ठेवायच्या आणि वर नारळाचं रोप लावायचं. अश्विनने रुस्दीला व्हिडिओ कॉल लावला आणि खड्डा खणून ठेवायला सांगितलं.

"खड्डा?" रुस्दी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "खणतो, सर. पण तो लगेच भरून जाईल."

"कशाने?"

रुस्दीने फोन फिरवला. पडदाभर पाणी. हिरवं, निवांत, कुणाचं काही देणं नसलेलं. त्यातून चार बांबूंची टोकं वर आलेली. एकावर बगळा. एकाला रुस्दीची होडी बांधलेली.

"हा तुमच्या आईंचा बांबू," रुस्दी कौतुकाने म्हणाला. "सगळ्यात घट्ट बसलाय."

"अहो, पण जमीन कुठे गेली?"

"गेली नाही, सर. खाली आहे. आमची सगळ्यांची घरंसुद्धा पाण्यावरच, खांबांवर. तुम्ही पूजा केलीत, नारळ वाहिलात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

कॉल संपला. अश्विन बॅगेवरच बसला. नोकरी नव्हती, घर नव्हतं, देश सुटत होता. आयुष्यात घेतलेली एकुलती एक जागा भरतीगणिक बुडत होती, आणि तिच्याबरोबर आईला दिलेला शब्द. 'कालवं भरतीत बुडणाऱ्या दगडांनाच चिकटतात, मी सांगत होते' असं अनुया म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, इतकं वाईट चाललं होतं.

बाबा उठले. बॉम्बशेल्टरचं जाड लोखंडी दार ढकलून त्यांनी डबा बाहेर आणला आणि मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने झाकण पुसत राहिले. झाकण स्वच्छच होतं. पट्ट्याचंही आत्ताच सांगून टाकावं, असं अश्विनच्या अगदी जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"अनुया," बाबा म्हणाले, "रविवारी भरती कधी आहे बघ गं."

"बघते. पण बाबा, भरतीला तर तिथे..."

"भरतीच हवी. अस्थी पाण्यात सोडतात, तूच म्हणालीस ना?" त्यांनी डबा जरा जवळ ओढला. "आणि अश्विन, त्या रुस्दीला बजावून सांग. होडी चार बांबूंच्या आतच उभी कर म्हणावं. बाहेरचा समुद्र सगळ्यांचा आहे."